हर्सूलची हवा

हर्सूलच्या तलावात पाणी कमी होतं आणि आई खूश होती. मला दोन्हींचा संशय आला. पाण्याचं एक वेळ समजू शकते. जूनचे पहिले दिवस, आमच्या शहरात नळाला पाणी आलं तरी शेजारीपाजारी फोन करून सांगतात. पण आईचं काय? सत्तरीची बाई, गुडघे धरलेले, माझ्या वडिलांना, अण्णांना, जाऊन तीन वर्षं झालेली, आणि ही गाडीतून उतरल्या उतरल्या जांभळीखाली पदर पसरून उभी.

"रेवा, हलव गं फांदी. खालची नको, वरची हलव. खालच्या तुरट असतात."

रेवा माझी मुलगी. दहावी झाली तिची. तिला अकरावीला पुण्याला जायचंय, हॉस्टेलला. इथं काय कॉलेजं नाहीत का, असं विचारून विचारून माझं तोंड दुखलं. शेवटी परवा जेवताना ती ताटाकडं बघतच म्हणाली, "आई, आपल्या घरात काही झालेलं नसलं तरी काहीतरी झाल्यासारखं वाटतं. तिकडं मला झोप तरी लागेल."

संदीपनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. आईनं मात्र भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि म्हणाली, "रविवारी आपण तिघी हर्सूलला जाऊ. लई दिवस झाले."

म्हणून आज इथं. पोरगी जाणार हे मला नकोय, साफ नकोय. पण तिला थांबवायचं तर घरातलं ते 'काहीतरी' काय आहे ते हुडकायला पाहिजे. आणि त्याची सुरुवात कुठं झाली ते मला पक्कं माहीत आहे. ह्याच रस्त्यावर झाली, मी आठ वर्षांची असताना.

आम्ही तेव्हा ह्याच रस्त्यावर, दिल्ली दरवाजाच्या जुन्या वेशीअलीकडं राहायचो, भाड्याच्या दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत खिडकीला कूलर, आणि उन्हाळाभर त्याच्या ओल्या गवताचा वास. मागच्या खोलीत आईची चूल म्हणजे स्टोव्ह, आणि तिथं रॉकेलचा, आंबाडीच्या भाजीचा, लसणाच्या फोडणीचा. अण्णा वाळूजला कंपनीत होते. ते घरी आले की त्यांच्या हातांना ग्रीस काढायच्या भुकटीचा वास यायचा, लिंबाचा पण खोटा लिंबाचा. हे सगळे वास एकमेकांत मिसळायचे. माणसं तेवढी मिसळायची नाहीत.

अण्णा आणि आई एकमेकांशी बोलायचे नाहीत. म्हणजे भांडायचे असं नाही. भांडी आपटली नाहीत, आवाज चढले नाहीत. नुसता अबोला. आणि अबोल्यातही संसार चालवावा लागतोच, म्हणून मधे मी.

"तुझ्या आईला सांग, उद्या डब्यात लोणचं नको."

आई दोन हातांवर बसलेली. तरी मी वळायचे आणि सांगायचे.

"तुझ्या अण्णाला विचार, मग काय देऊ? माझं डोकं?"

मी परत वळायचे. डोक्याचा भाग गाळून विचारायचे. कधी कधी मला वाटायचं, निरोप जरा गोड करून द्यावा. "आई, अण्णा म्हणतात लोणचं भारी झालंय, पण उद्या नको." आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "असं म्हणलेच नाईत ते. तू तुझं मिसळू नको त्याच्यात."

कशावरून अबोला धरायचे, देव जाणे. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण अबोल्याला ऋतू होते हे मला ठाऊक होतं. थंडीतला अबोला लांबायचा. पिशोरच्या शेतावरून काकांनी हुरडा पाठवलेला असायचा, फडक्यात बांधलेला, धुराचा वास घेऊन आलेला, आणि दोघं दोन कोपऱ्यांत बसून तो मुकाट्यानं खायचे. गोधड्या वेगळ्या, उशा वेगळ्या. उन्हाळ्यातला अबोला मात्र टिकायचा नाही, कारण गच्चीवर झोपावं लागायचं आणि पाण्याचा माठ एकच. रात्री तहान लागली की "जरा तांब्या दे इकडं" एवढं कुणाला तरी म्हणावंच लागायचं. मी झोपेचं सोंग घेऊन ते ऐकायचे आणि मला उगीच राग यायचा. मला उठवायचं होतं की!

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं. माझ्याशिवाय त्या घरात पान हलत नव्हतं. शाळेत मला कुणी विचारायचं नाही, पाढे यायचे नाहीत, खेळात मी कच्चा लिंबू. पण घरी आले की दोन मोठी माणसं माझ्या तोंडाकडं बघत बसायची.

आणि मग तो जून आला. रविवारची उतरती दुपार. अण्णा दोरीवर ओला टॉवेल टाकत होते, आई तांदूळ निवडत होती, मी दोघांच्या मधे, आपलं नाव येईल म्हणून कान टवकारून. आणि अण्णा माझ्या डोक्यावरून सरळ आईला म्हणाले, "चल, हर्सूलची हवा खाऊन येऊ."

"आत्ता?" आई म्हणाली. तीही सरळ.

"मग काय उद्या?"

आणि दोघं हसले.

मी आईचा पदर धरला. आता बाहेरगावच्या माणसाला ह्यात काय आहे ते कळायचं नाही. पण आमच्या गावात हर्सूल म्हणजे जेल. तलाव नंतर, देवीचं देऊळ नंतर, आधी जेल. सायकल चोरणाऱ्या पोराला म्हणायचे, ह्याला हर्सूलची हवा दाखवा. आमचे गणिताचे सर पट्टी हातावर मारत म्हणायचे, असाच राहिलास तर हर्सूलची हवा खाशील. ही हवा कुणी आपणहून खायला जातं, तेही हसत, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

आईनं पोपटी साडी नेसली. पावडर लावली. लुनाच्या मागं एका अंगानं बसली आणि भर उजेडात, अख्ख्या गल्लीसमोर, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाली, "येतोच. खालाजवळ बस." लुना भुर्रकन गेली. मागं पेट्रोलचा वास आणि पावडरीचा.

रजियाखाला आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. दारात सुपारी कातरत बसलेल्या असायच्या.

"क्या गे, अम्मा-अब्बा किधर गए तेरे?"

"हर्सूलची हवा खायला."

खालांचा अडकित्ता थांबला. "या अल्ला! क्या किए उनो?"

"माहीत नाही. पण खूश होते."

खाला आधी माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की सुपारी सांडली. "अगे दीवानी, तलाव पे गए होंगे! जाने दे दोनों को. तू आ, बैठ."

माझा काही विश्वास बसला नाही. तलावावर बघायला काय असतं? पाणी. मोठी माणसं पाणी भरतात, बघायला जात नाहीत. आणि शिवाय माझा अनुभव वेगळा होता. घरात दोघं एकदम हसले की मागून काहीतरी यायचं. एकदा दोघं गोड बोलले आणि दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात नेऊन इंजेक्शन दिलं. एकदा दोघांनी मिळून मला जिलेबी खाऊ घातली आणि सुट्टीभर पिशोरला नेऊन सोडलं. आता कोण जाणार होतं? आणि कुठं?

दिवेलागणीला ते परत आले. मी उंबऱ्यावरच बसले होते. आईनं हसून "काय गं" म्हटलं आणि मी तिची जीभ पाहिली. जांभळी. ओठ जांभळे, बोटं जांभळी, पोपटी पदराला डाग. तिनं पदराच्या गाठीतून मूठभर जांभळं काढून माझ्यापुढं धरली. मी ती खाल्ली नाहीत. काय सांगावं?

पुढं दर रविवारी हेच. जांभळं संपली, मग श्रावणात दोघांच्या हातांना भाजलेल्या कणसाचा वास यायला लागला, लिंबू-तिखट चोळलेल्या. दिवाळीच्या सुमारास पिशवीत सीताफळं, डोळे उघडलेली, एखादं पिचून गेलेलं. आणि मी दर रविवारी उंबऱ्यावर. गल्लीच्या वळणावर लुनाचा आवाज आला की ताठ बसायचे. आधी त्यांचं हसणं यायचं, मग ते यायचे. मी दोघांची तोंडं नीट बघून घ्यायचे, एकाचं आणि मग दुसऱ्याचं.

घरात तर माझी पार नोकरीच गेली. "अण्णा, आईला काही सांगायचंय का?" मी विचारायचे.

"काय सांगायचंय? ती काय बहिरी आहे? इथंच तर बसलीय."

दोघं थेट बोलायचे. भाजी कोणती, मीठ कमी, उद्या शिफ्ट कोणती, सगळं माझ्या डोक्यावरून. कधी मला न कळणारं काहीतरी एक जण बोलायचा आणि दुसरा तोंड फिरवून हसायचा. मी पलंगाखाली शोधलं, पिठाच्या डब्यात हात घालून शोधलं, अण्णांच्या कंपनीच्या पिशवीचा वास घेतला. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून संशय जातो थोडाच? उलट मला वाटलं, बेत पक्का आहे, म्हणूनच एवढा लपवलाय.

आणि संक्रांतीच्या आसपास ते बंद झालं. जसं सुरू झालं तसंच, न सांगता. एका रविवारी अण्णांनी लुना पुसली, तेलपाणी केलं आणि सुरूच केली नाही. आईनं पोपटी साडी घडी घालून ट्रंकेत ठेवली, वर डांबराच्या गोळ्या. संध्याकाळी अण्णा म्हणाले, "तुझ्या आईला सांग, चहा टाक."

मी पळत गेले. आईला सांगितलं, "अण्णा म्हणतात चहा टाक, आणि आलं घाल." आल्याचं माझं होतं. आईनं आलं किसून घातलं.

तेव्हापासून मी एक गाठ बांधून ठेवली मनाशी. माणसं विनाकारण खूश नसतात. खूश दिसली की मागं काहीतरी आहे, आणि काही नसलं तर ते टिकणार नाही. ऑफिसात ह्या स्वभावाचं चीज झालं, माझं कामच आलेल्या कागदांतली खोट काढायचं आहे. घरी काय झालं ते रेवा सांगतेय. गेल्या काही महिन्यांपासून संदीप दाढी करताना शीळ घालतो. चाळिशी ओलांडलेला माणूस, केस विरळ झालेले, कशाची शीळ घालतो हा? मी विचारत नाही. विचारणाऱ्यातली मी नाही. मी फक्त बाथरूमच्या दाराशी जाऊन उभी राहते. तो आरशात मला बघतो आणि शीळ थांबते. मग मी ओट्याकडं जाते.

आज तलावाच्या बांधावर दगडावर बसून आई जांभळं खात होती, बिया मुठीत साठवत होती. वारा होता, कोरड्या चिखलाचा वास होता, पलीकडं पाण्यात दोन-चार बगळे. रेवा शेजारी बसून मोबाइल बघत होती. मी मनाचा हिय्या केला.

"आई, त्या वर्षी काय झालं होतं?"

"कोणत्या वर्षी?"

"तुम्ही दोघं इथं यायचात. लुनावर. मी दुसरीत-तिसरीत असताना."

"आता गं बाई." ती लाजली चक्क. "काय व्हायचंय? काही नाय."

"कुणी आत होतं का?"

"आत कुठं?"

"जेलात."

आईला ठसका लागला. रेवानं मोबाइल टाकून तिची पाठ चोळली. आई हसत होती, डोळ्यांतून पाणी काढत होती. "अगं, आपल्यातलं कोण जातंय जेलात? जेलात! काय पोरगी आहे ही, रेवा, ऐकलंस का?"

"मग अण्णांना बढती मिळाली होती का?"

"कुठली बढती."

"मग काही नवस? काही आजारपणातून उठलं होतं कुणी?"

"नाय गं."

"मग एवढे खूश काहून होतात?"

"बरं वाटत होतं म्हणून." आईनं पुढचं जांभूळ तोंडात टाकलं. "एक दिवस ते म्हणले चल, मी म्हणलं चला. बरं वाटलं. मग पुढच्या रविवारी पुन्हा. आता खूश व्हायला काय दाखला लागतो व्हय?"

तीसेक वर्षं मी ज्याच्या मागं होते त्याचं उत्तर हे. मला ते पटेना. मी म्हटलं, "बरं, मग बंद काहून केलंत?"

हातातल्या बिया आईनं खाली टाकल्या, बोटं पदराला पुसली.

"जाऊ दे ना."

"नाही, सांग."

"तुझ्यामुळं."

रेवानं माझ्याकडं पाहिलं.

"तू उंबऱ्यावर बसायचीस," आई म्हणाली. "आम्ही वळणापतोर हसत यायचो. गल्लीत शिरलं की तुझं तोंड दिसायचं, ठाणेदारावानी. ह्यांचं हसू तिथंच जायचं बघ. वळणावर लुना हळू करायचे, म्हणायचे, बसली का ती? मी म्हणायची, बसली. मग दोघंबी तोंड नीट करून यायचो. संक्रांतीला म्हणले, पोरीला आवडत नाय आपलं जाणं, तिचा जीव कष्टी होतो. राहू दे. मी म्हणलं, राहू दे तर राहू दे."

मला असा संताप आला म्हणता! "आई, मी आठ वर्षांची होते! आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडाला भिऊन कुणी सोडतं का? एकदा मला सांगायचं होतं!"

"काय सांगायचं? आम्ही खूश आहोत म्हणून? असं कुणी पोरांना सांगतं व्हय?"

"भांडण तर सांगायचात! माझ्याच तोंडून सांगायचात सगळं!"

"भांडणात मधी माणूस लागतं, बाई," आई शांतपणे म्हणाली. "हसण्यात कुठं लागतं?"

"मग हिला सोबत न्यायचं ना, आजी," रेवा म्हणाली.

"नेली असती तर हीच बोलली असती मधी."

मी उठले आणि बांधावरून चालत लांब गेले. मला अण्णांचा राग आला. एवढा धिप्पाड माणूस, कंपनीत साहेबाला तोंडावर बोलणारा, आणि लेकीच्या कपाळावरची आठी बघून रविवार सोडून देतो! आणि मग त्यांचीच आठवण आली. वळणावर लुना हळू करणारे अण्णा मी कधी पाहिलेच नव्हते. मी बसायचे ती वळणाच्या अलीकडं. वळणापलीकडं हसताना ते कसे दिसायचे, ते मला माहीत नाही, आणि आता माहीत होणारही नाही. मी रडले. पलीकडं एक गुराखी म्हशी पाण्यात सोडत होता, त्यानं बघितलं तरी रडले.

रेवा मागं येऊन उभी राहिली. जवळ नाही आली, हातभर अंतर ठेवून.

"आई, मी पुण्याला जाणारच आहे."

"माहितीय."

"तुझ्यावर चिडून नाही."

"मग?"

ती पायानं माती उकरत राहिली. "मी सारखी तुमच्या दोघांकडं बघत असते. कोण गप्प आहे, कोण हसलं, का हसलं. पुस्तक उघडं असतं आणि मी ऐकत असते की बाथरूममधली शीळ कधी थांबते. मला नाही थांबवता येत, आई. तिकडं गेल्यावर मला काही दिसणारच नाही. मग मला बरं वाटेल. आणि तुम्हाला कुणी बघत नसलं की तुम्हालाही वाटेल कदाचित."

सोळा वर्षांची पोर. हे माझ्याकडून शिकली, मी न शिकवता. तिला थांबवायला म्हणून मी सकाळपासून वाक्यं जुळवत होते, ती सगळी तिथंच सोडली.

"जा," मी म्हटलं. "चांगली जा. थंडीचे कपडे मात्र इथूनच ने, तिकडं महाग मिळतात."

ती हसली. मी तिच्याकडं बघितलं, मग मुद्दाम तलावाकडं बघितलं. तिचं हसू तिला पुरं करू दिलं.

मग तिथंच उभं राहून संदीपला फोन लावला. तो घरी होता, मागं टीव्हीचा आवाज येत होता.

"अरे, संध्याकाळी हर्सूलला येतोस का? मी ह्या दोघींना घरी सोडते. आपण दोघंच येऊ."

टीव्ही बंद झाला.

"का? आई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत."

"रेवा काही बोलली का माझ्याबद्दल?"

"नाही रे."

"मग?"

"मग काही नाही. असंच."

"असंच?" तो म्हणाला. "तू मला असंच कधी बोलावलंस?"

त्याचा श्वास ऐकू येत होता. तो विचार करत होता, एकेक शक्यता तपासत होता, आणि तो काय काय तपासत असेल ते मला पाठ होतं.

"बरं, येतो," तो शेवटी म्हणाला, जपून. "पण खरं काय झालंय ते तिथं आल्यावर तरी सांग."